शाळेबाहेरचे तास

गावोगावी अभ्यासिका, वसतिगृहे चालवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. घरोघरून मूठ मूठ धान्य गोळा होई, तो मुष्टिफंड. अडचणीच्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण आजच्या कामासाठी मला ती मूठ फार मोलाची वाटते. ज्या बाईने मूठभर ज्वारी दिली, तिला ‘पोरगं शाळेत जातंय का?’ असे विचारण्याचा हक्क मिळाला.

वर्गात काय घडते यावर आपण पुष्कळ बोलतो. मुलाची शाळा तुटते ती बहुधा वर्गाबाहेर. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मागे सांभाळायला आजी-आजोबा नसतील, तर लेकरूही आईबापांबरोबर निघते. हंगामी वसतिगृह असले तर लेकरू गावातच राहते, जेवते, शाळेत जाते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या पालकांनी असे वसतिगृह सुरू करण्याचे काम अंगावर घ्यावे. मात्र टोळ्या निघून गेल्यावर वसतिगृहाची मंजुरी आली, तर तिचा उपयोग काय? आणि या टोळ्या येतात कुठे? आमच्याच सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडांवर. खोपीत राहणारी ती मुले हंगामभर आमच्या गावची आहेत. त्यांना शाळेत नेऊन बसवणे हे आम्हा यजमानांचे काम आहे.

गावाने मनावर घेतले तर काय होते ते पाहा. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. मोठ्यांनी आपली मालिका सोडली, म्हणून ते जमले.

सगळेच मात्र असे बिनपैशाचे होत नाही. अभ्यासिका सांभाळणारी ताई, वसतिगृहात भाकरी थापणारी मावशी, यांना सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवणे मला मान्य नाही. त्यांचे मानधन ठरले पाहिजे आणि वेळेवर मिळाले पाहिजे. त्या आज सभागृहात आहेत. दुपारच्या चर्चेत पहिल्यांदा त्यांना बोलू द्यावे, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि परिषदेची सूत्रे अध्यक्षांकडे सोपवतो.