जुना संगणक आणि कुलूपबंद चित्रपट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले, हा आपला लोभ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी वाचते ते अक्षराला अक्षर लावून. लोणच्या-पापडांवर बोल म्हटले असते तर सोपे गेले असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे जुन्या संगणकावर सिनेमे दिसतात म्हणे. ते कसे, तेवढे सांगा. इथे कितीजणींच्या माळ्यावर तसले संगणक पडून आहेत." म्हणून हा विषय घेतला आहे.

आमचा संगणक थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला, त्याला बारा वर्षे होऊन गेली. त्याच्यात विंडोज १० होते. त्याची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ आमच्या यंत्रावर बसेना. त्याला नव्या जातीचे भाग लागतात. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, नवा घ्या." पण त्याच वर्षी सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेत होते नव्हते ते गेले. त्या आतल्या खोलीत अंथरुणावर, टीव्ही बाहेरच्या खोलीत. मोबाईलवरचे चित्र त्यांना दिसत नाही. चित्रपटांच्या एका वाहिनीची वर्गणी तर आम्ही भरतच होतो. तेव्हा या जुन्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर त्यांना दोन घटका काही पाहता आले, तर दिवस सरेल, एवढीच माझी धडपड.

आमच्या वन्सांचा मुलगा डिप्लोमाला आहे. त्याने यंत्र उघडून पाहिले व म्हणाला, "मामी, हा म्हातारा झालेला नाही. याच्यावर ओझे फार झाले आहे." त्याने त्यात लिनक्स मिंट नावाची प्रणाली घातली. तिला पैसे पडत नाहीत. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली व रॅम वाढवून ४ जीबी केली. खर्च आला तो नव्या संगणकाच्या मानाने अगदी थोडा.

ही लिनक्स मुक्तस्रोत आहे. म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगते. बाजारचा मसाला आणला तर पुडीत काय घातले ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पण शेजारणीने कृती लिहून दिली, तर आपण ती वाचतो, त्यात कमीजास्त करतो, पुढे लेकीलाही देतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली असे खुले सॉफ्टवेअर करण्याचे काम जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. तेव्हापासून जगभरची माणसे त्या कृतीत भर घालीत आली आहेत. म्हणूनच जुन्या यंत्रालाही झेपेल अशी कृती कुणी ना कुणी राखून ठेवलेली असते.

यंत्र सुरेख चालू लागले. यूट्यूबवरची कीर्तने लागली. पण पैसे भरलेल्या वाहिनीचा चित्रपट लावला, तर पडदा काळाच. तेव्हा कळले की या चित्रपटांना कुलूप असते.

ते कुलूप असे चालते. चित्रपट आपल्याकडे येतो तो गुप्त लिपीत बांधलेला. आपण वर्गणीदार आहो याची खात्री झाली, की वाहिनीकडून त्याची किल्ली येते. ती किल्ली आपल्या हाती पडत नाही. ब्राउझरमध्ये एक मोहोरबंद पेटी असते, ती किल्ली घेते, चित्र उलगडते आणि पडद्यावर देते. पुष्कळ वाहिन्या जी पेटी वापरतात तिचे नाव वाइडवाइन. ती गूगलची आहे. पेटीच्या आत काय आहे हे पाहावयाची कुणालाही मुभा नाही.

आता अडचण आपल्या ध्यानात आली असेल. लिनक्सचा सगळा डौल खुल्या कृतीचा, आणि कुलपाचा जीव गुपितात. या दोघांचे जमावे कसे? पुष्कळ वर्षे जमलेच नाही. नेटफ्लिक्स पूर्वी सिल्व्हरलाइट नावाच्या साधनातून दिसे, आणि लिनक्सवाल्यांना ते कुलूप उघडत नसे. २०१४ मध्ये क्रोममधून लिनक्सवर नेटफ्लिक्स दिसू लागले, २०१७ मध्ये फायरफॉक्समधूनही. त्याच २०१७ च्या १८ सप्टेंबरला, वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने, ब्राउझरने अशा पेटीशी कसे बोलावे याचा नियम मतदान घेऊन पक्का केला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या सभासद संस्थेला ते पटले नाही. तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. मंडळात ठराव झाला की नाराजी कशी होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण ही नाराजी तत्त्वाची होती. माणसाच्या स्वतःच्या यंत्रात त्यालाच उघडता न येणारी पेटी असावी का, असा त्यांचा प्रश्न होता.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय, ते सांगते. फायरफॉक्समध्ये कुलूपबंद चित्रपट प्रथम लावला, की वरच्या बाजूस सूचना येते: डीआरएम चालू करावयाचे का? आपण होकार दिला तरच ती पेटी उतरवून घेतली जाते. पुढे मन बदलले तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो होकार काढून घेता येतो. क्रोममध्ये पेटी आधीपासूनच असते. क्रोमियम म्हणून त्याचा खुला भाऊ आहे, त्याच्यात ती बहुधा नसते. म्हणून "क्रोमियमवर काही दिसत नाही" अशी तक्रार ऐकलीत तर यंत्राला दोष देऊ नका. एक मात्र पाहावे, यंत्र ६४ बिटांचे हवे. ३२ बिटांच्या लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच बंद झाले.

मी होकार दिला. भाच्याने समजावले की फायरफॉक्स त्या पेटीला कोंडून ठेवते, बाकीच्या घरात फिरू देत नाही. मी मनाशी म्हटले, एक खोली भाडेकरूला दिली आहे. त्याच्या कपाटात मी डोकावणार नाही, त्यानेही माझ्या स्वयंपाकघरात येऊ नये. सासूबाईंना चित्र दिसू लागले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या स्वतःहून म्हणाल्या, "अगं, मला जरा उशी उंच करून दे."

परंतु उणे आहे तेही सांगितले पाहिजे. वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत सारे काम यंत्रातल्या सुरक्षित भागात होते. तिसरीत ते नुसत्या सॉफ्टवेअरने होते. लिनक्सच्या संगणकाला बहुधा तिसरीच पायरी मिळते, आणि अत्यंत स्पष्ट चित्र वाहिन्या पहिल्या पायरीसाठी राखून ठेवतात. म्हणजे वर्गणी तीच भरूनही आपल्याला चित्र काहीसे कमी प्रतीचे मिळते. शिवाय उलगडण्याचे काम प्रोसेसरवरच पडते, म्हणून जुने यंत्र तापते. वाहिनीत चित्राची प्रत कमी करण्याची सोय असल्यास ती करावी, बाकीच्या खिडक्या बंद कराव्यात व पंख्याची धूळ काढावी. अंथरुणावरून पाहणाऱ्या म्हातारीला एवढे चित्र पुरते. पण वर्गणी भरताना हा फरक आपल्याला कुणी सांगत नाही, तो ठाऊक असावा.

आणखी एक ध्यानात घ्या. लग्नाकार्याला आपण भाड्याची भांडी आणतो. जेवणावळ उरकली की ती परत जातात, त्यांच्यावर आपले नाव घालता येत नाही. वर्गणीचे चित्रपट तसेच आहेत. वर्गणी थांबली की चित्रपट गेला. वाहिनीने काढून टाकला तरी गेला. भाड्याची भांडी आणण्यात गैर काही नाही. मात्र ती आपल्या घरची आहेत असे समजू नये.

कुणी म्हणेल, "कुलूप फोडणारे सॉफ्टवेअर मिळते की!" त्या वाटेला जाऊ नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आले. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप चुकविले, तर दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. शिवाय चोरवाटेच्या सॉफ्टवेअरबरोबर आणखी काय काय घरात येते, ते शेवटी निस्तरावे आपल्यालाच लागते. तसेच, "मंडळाच्या सभागृहात एकीच्या वर्गणीवर सिनेमा लावू" अशी सूचना मागे आली होती. नेटफ्लिक्ससारख्यांच्या अटींत वर्गणी ही घरच्या, खाजगी वापरापुरती असते. कुलूप उघडले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. सभागृहात दाखवावयाचे तर हक्कदाराला रीतसर विचारावे.

आणि कुलूप नसलेलेही पुष्कळ आहे. प्रसार भारतीने दूरदर्शनचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर ठेवले आहेत. आपल्या हळदीकुंकवाचे, स्नेहसंमेलनाचे चित्रण व्हीएलसी या मुक्त सॉफ्टवेअरवर दिसते. ते आपले स्वतःचे. त्याची किल्ली कुणाकडे मागावी लागत नाही.

भगिनींनो, माझी विनंती एवढीच. माळ्यावरचा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा खाली उतरवा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घालून, यंत्रातले काही न पुसता, आधी चालवून पाहता येते. चालले तर ठेवा, न चालले तर मग पाहू. माझ्या भाच्याने रविवारी दुपारी मंडळात येऊन ज्यांना हवे त्यांना दाखविण्याचे कबूल केले आहे. आपण शिकलेल्या नाही म्हणून बुजू नका. आपल्या घरात काय चालते, कोणत्या पेटीला आपण होकार दिला आणि कशाचे पैसे भरले, एवढे विचारावयास सातवी पुरते.