कळांना घड्याळ लावू नका



बाळंतपण पार पडले की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विचारतात, ‘मोकळी झाली का?’ आमच्या घरात तिला जच्चा म्हणतात, शेजारच्या घरात बाळंतीण, काळजी सारखीच. अलीकडे आणखी एक प्रश्न येतो, ‘नॉर्मल की सिझर?’

सिझेरियन वाईट नाही. मूल आडवे असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर तीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण शंभरात दहा-पंधराहून जास्त सिझेरियनना समर्थन नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्येच सांगितले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण शंभरात सुमारे १४ होते, खासगीत ४७! अवघड केसेस खासगीत जातात असे धरले, तरी एवढी तफावत पटत नाही.

आता सरकारी नोकरी आणि स्वतःचा दवाखाना एकाच डॉक्टरकडे असला तर? पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त चालतात. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. संध्याकाळी दुसरीकडे पोहोचायचे असेल, तर वाट पाहणे परवडत नाही. किंवा ‘इथे सोय नाही’ म्हणून बाईला खासगीत हलवले जाते. मग सिझेरियन खासगीच्या वहीत जाते आणि सरकारी आकडा सोज्वळ राहतो.

खासगी व्यवसाय करू नये, यासाठी शासन सरकारी डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता देते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त, सात दिवसांचे जेवणही मोफत आहे. खासगीत मात्र त्याच बाळंतपणात एखाद्या घराचे सोयाबीनचे पैसे संपतात.

सारा दोष डॉक्टरांवर टाकणेही बरे नाही. एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाने रात्रंदिवस किती जागावे? पाळीपाळीने थांबणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि अनुभवी परिचारिका द्या, मग नियमाचा धाक दाखवा. प्रत्येक सिझेरियनचे कारण केसपेपरवर लिहा, घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगा. आपणही विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, थांबलो तर धोका कुणाला आहे?’ हे विचारणे उद्धटपणा नव्हे. पोट तिचे आहे, पुढचे बाळंतपणही तिचेच आहे.