गावाची वेबसाइट बिघडते तेव्हा



ज्यांनी ऊस केला आहे त्यांना लव्हाळा म्हणजे काय हे मी सांगायला नको. खुरपणी करून रान स्वच्छ करावे, बांधावर उभे राहून समाधानाने पाहावे, आणि आठ दिवसांनी पुन्हा येऊन बघावे तर हिरवे कोंब वर! आपण वरचे पान काढतो, जमिनीतली गाठ तशीच राहते. आज मला बोलायचे आहे ते शेतीवर नाही. गावाच्या, शाळेच्या किंवा संस्थेच्या वेबसाइटमध्ये शिरणाऱ्या घातक कोडवर. पण हा विषय मला कळला तो लव्हाळ्यामुळेच.

आमचे एक छोटे मंडळ आहे. त्यात सातारा नि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले कृष्णाकाठचे शिक्षक, माजी विद्यार्थी नि शेतकरी आहेत. १९४९ पूर्वी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्याच्याच घरात होता, त्यामुळे आमच्यात दुजाभाव नाही. २०१९च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१च्या जुलैत कृष्णेला महापूर आला. त्या अनुभवातून मंडळाने वेबसाइट काढली. कोणत्या गावात नाव कोणाकडे आहे, रक्तदाते कोण, जनावरांना वैरण कुठे मिळेल, अशी सारी माहिती फोन नंबरांसह तिच्यावर होती. संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती विनामोबदला उभी केली. मी मंडळाचा चिटणीस.

२०२२चा जून. पाऊस तोंडावर आलेला. वाळवा तालुक्यातल्या एका गुरुजींचा फोन आला, "सर, आपली वेबसाइट उघडली की पैसे लावून रमी खेळायची जाहिरात येतीय बघा!" मी संगणकावर उघडून पाहिली, तर सारे ठीक. मी म्हणालो, "गुरुजी, दोष तुमच्या मोबाइलात असेल." दुपारपर्यंत असे आणखी तीन फोन आले. दोष मोबाइलचा नव्हता. जो माणूस मोबाइलवर गूगलमध्ये शोधून आमच्या वेबसाइटवर येई, फक्त त्यालाच तो कोड जुगाराच्या पानावर पाठवी. माझ्यासारखा चालक थेट पत्ता टाकून येतो, त्याला काहीच दिसत नसे. चोर हुशार होता. घरमालकाची झोप मोडणार नाही अशी त्याने व्यवस्था केली होती.

आता तुम्ही विचाराल, कोड म्हणजे काय? वेबसाइट म्हणजे सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर ठेवलेला फायलींचा गठ्ठा. काही फायलींत मजकूर नि चित्रे असतात, काहींत संगणकाला दिलेल्या सूचना. या सूचनांना कोड म्हणतात. परका माणूस आत शिरून त्यांत आपल्या चार ओळी मिसळतो. शाळेच्या रजिस्टरात कोणी आपल्याच शाईने खोटी नोंद घुसडावी, तसेच हे. संगणक मात्र हस्ताक्षर ओळखत नाही. लिहिले असेल ते तो पाळतो.

त्या विद्यार्थ्याने जाहिरातीची फाइल शोधून पुसली. आम्ही निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी जाहिरात पुन्हा हजर! मग बैठकीत कुजबुज सुरू झाली. "किल्ली त्याच्याच हातात आहे. पैशासाठी त्यानंच केलं नसेल कशावरून?" तो पोरगा मान खाली घालून बसला होता. आणि मी, जो त्याला तीन वर्षे ओळखत होतो, गप्प राहिलो. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो.

पोरगा रागावला नाही. तो म्हणाला, "सर, वरचं पान काढलंय, गाठ राहिलीय. मला दोन दिवस द्या." दोन दिवसांत त्याने तीन गाठी काढल्या. पहिली, छायाचित्रांच्या फोल्डरात एक फाइल होती, ती छायाचित्र नव्हतेच. ते होते चोराचे मागचे दार. पुढची जाहिरात पुसली की या दारातून ती परत येई. दुसरी, चालकांच्या यादीत एक नाव असे होते की ते आमच्यापैकी कोणाचेच नव्हते. तिसरी, वेबसाइटला सुंदर रूप देणारा विकतचा साचा आम्ही कुठून तरी फुकट मिळवला होता. त्याच्या पोटात परका कोड आधीपासूनच होता. आणि हा साचा आणला कोणी? मंडळाचे पैसे वाचावेत म्हणून मीच! शिवाय माझा पासवर्ड म्हणजे मंडळाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तोही मी चार जणांना सांगितलेला.

मग आम्ही कामाला लागलो. तुमच्यावर वेळ आली तर हाच क्रम ठेवा. प्रथम वेबसाइट तात्पुरती बंद करून "दुरुस्ती चालू आहे" असे साधे पान लावावे, म्हणजे येणारी माणसे फसणार नाहीत. बिघडलेल्या वेबसाइटची आणि सर्व्हरवरील नोंदींची एक प्रत बाजूला ठेवावी. पोलिसांना ती पुरावा म्हणून लागते. चालकांचे स्वतःचे संगणक आधी तपासून घ्यावेत, मगच सारे पासवर्ड बदलावेत. संगणकातच चोर बसला असेल, तर नवा पासवर्डही त्याच्या हाती जाईल. अनोळखी चालक काढून टाकावेत. मूळ सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहून नव्याने घ्यावे, फुकटचे साचे फेकून द्यावेत आणि बिघाडापूर्वीच्या चांगल्या प्रतीवरून माहिती परत भरावी. आमची अशी प्रत पाच महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या नोंदी गुरुजींनी रात्री बसून वह्यांवरून पुन्हा भरल्या. शेवटी गूगलकडे फेरतपासणीची विनंती करावी, म्हणजे धोक्याचा शिक्का लागला असल्यास निघतो.

हे आपल्यासारख्या लहानांच्याच वाट्याला येते असे समजू नका. त्याच जून महिन्यात ठाणे पोलीस आयुक्तालयाची वेबसाइट हॅक होऊन तिच्यावर परक्यांचा संदेश झळकला होता. त्याआधी ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत असाच घातक कोड शिरला. बनावट कार्डांची मागणी आली की तो कोडच परस्पर मंजुरी देई. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मोठ्या बँकेची ही गत, तर आपण सावध नको का?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६६व्या कलमाखाली असे कृत्य करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा तक्रार करायला कचरू नका. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

पण सर्वांत अवघड काम तांत्रिक नव्हते. सभासदांना खरे सांगायचे होते. काही जण म्हणाले, "झालं ते झालं, कशाला बोभाटा?" पण ज्यांनी त्या आठवड्यात वेबसाइट उघडली होती, त्यांनी जुगाराच्या पानावर आपला नंबर किंवा बँकेची माहिती भरली असेल तर? ती माणसे आपल्यावर विश्वासून आली होती. म्हणून आम्ही प्रत्येकाला निरोप धाडला: काय झाले, कोणत्या तारखांना झाले आणि आता काय तपासायचे. त्याच बैठकीत मी उभा राहून सांगितले की साचा मी आणला, पासवर्ड माझा होता, आणि या मुलावर संशय घेतला गेला तेव्हा मी बोलायला हवे होते.

तो विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला आहे. दर एक जूनला त्याचा फोन येतो. आम्ही दोघे मिळून चालकांची यादी वाचतो, सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते पाहतो, आणि माहितीची ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवतो. ती डिस्क दर महिन्याला भरायची जबाबदारी गुरुजींनी घेतली आहे. पाऊस सुरू होण्याआधी नावेची भोके तपासावीत, तसेच हे. तुमच्या शाळेची किंवा गावाची वेबसाइट असेल, तर या आठवड्यात एवढे तरी करा: चालकांच्या यादीतली नावे एकदा मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक नावाचा माणूस कोण, हे विचारा.