पोर द्वाड, दोष आईचा

(पुण्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा. मुलांची आणि पालकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)



मला बोलायला दिलेला विषय मोठा आहे आणि मी काही डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेले चार उन्हाळे एका संस्थेच्या शिबिरात ताई म्हणून काम करते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा त्या शिबिराबद्दलच बोलते.

शिबिर सहा आठवड्यांचं असतं. सकाळी आठ ते साडेबारा, सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळेच्या तीन खोल्यांत. या वर्षी मुलं अठरा होती, वय चार ते आठ. आम्ही चौघी ताया आणि दोन मावश्या. येणारी मुलं कोणती? तर चावणारी, ढकलणारी, वर्गातून पळून जाणारी, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी. काहींजवळ डॉक्टरांचा कागद असतो. त्यावर अतिचंचलता किंवा स्वमग्नता असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुष्कळांजवळ मात्र शाळेच्या डायरीतली लाल शाईची ओळ एवढंच असतं.

आणि प्रत्येकाबरोबर एक आई असते. ती पहिल्या दिवशी दारातच सांगते, 'ताई, मी याला मारत नाही हो, लाडही करत नाही.' कोणी विचारलेलं नसतं. पण तिला इतक्या वेळा विचारलं गेलेलं असतं की उत्तर तोंडातच तयार! सासू म्हणते नोकरी करतेस म्हणून, शेजारीण म्हणते घरीच असतेस म्हणून डोक्यावर बसवलंस. बाई म्हणतात, घरात शिस्त नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम या माणसाने 1967 साली एक जाडजूड पुस्तक लिहून स्वमग्नतेचं खापर आईच्या मायेच्या अभावावर फोडलं. अशा बायकांना तिकडे 'फ्रिजसारख्या आया' म्हणत. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हे शरीराचं, मेंदूचं कारण आहे असं मांडलेलं होतं. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. तरीही कित्येक वर्षं आयांनाच उलटतपासणीला उभं केलं गेलं. बापाला कोणी 'फ्रिज' म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता आम्ही करतो काय ते सांगते, कारण मेळाव्यात 'मुलांशी प्रेमाने वागा' असं सांगून कोणाचंच भागत नाही.

आमच्याकडे एक वही असते. तिच्यात तीन रकाने: आधी काय घडलं, मग मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. बस. 'खोडकर', 'हट्टी' हे शब्द वहीत लिहायला मनाई आहे. सात वर्षांचा एक मुलगा होता. दुसरीतला. रोज कोणाला तरी चावायचा. पाच दिवसांची वही समोर ठेवली तेव्हा दिसलं, की चावा नेहमी साडेदहाच्या आसपास, हात धुण्याच्या रांगेत. रांगेत थांबायचं, मागून धक्के, शेजारी स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट. चावलं की ताई त्याला रांगेतून बाहेर काढायच्या. म्हणजे त्याला हवं तेच मिळत होतं! आम्ही त्याला रांगेतून काढलं, पण चावायच्या आधी. ताटल्या वाटायचं काम दिलं. चावणं एका दिवसात थांबलं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनदा झालं, पाचव्यात एकदाही नाही.

दुसरी गोष्ट चिंचोके. प्रत्येक मुलाची एक बरणी. सांगितलेलं काम पहिल्या हाकेला केलं, दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावला, की लगेच चिंचोका, आणि तो कशासाठी ते शब्दांत सांगायचं. नुसतं 'शहाणा बाळ' नाही, 'तू आपली पाळी येईपर्यंत थांबलास' असं. दहा चिंचोक्यांना झोपाळ्याची जादा पाळी, पंधराला झाडांना नळीने पाणी घालायला मिळतं. मे महिन्यात या नळीपुढे चॉकलेटची काय किंमत? ही युक्ती आमची नव्हे. विल्यम पेलहॅम या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये फ्लोरिडात अशा मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला. त्यात गुण मिळवणं, गमावणं आणि ते साठवून सवलती घेणं असा दिवसभराचा हिशेब असे, शिवाय पालकांचं प्रशिक्षण. आम्ही गमावण्याचा भाग ठेवला नाही. एकदा हातात आलेला चिंचोका परत घेतला की आमच्या मुलांचा उरलेला सगळा दिवस जातो.

मारामारी झाली तर मूल बाजूच्या सतरंजीवर बसतं, वयाच्या वर्षाएवढी मिनिटं. घड्याळ समोर, भाषण नाही. तिथून ओरडलं तरी उत्तर द्यायचं नाही. इथे आया घाबरतात, कारण लक्ष देणं बंद केलं की आरडाओरडा आधी वाढतो. तो वाढणारच. मूल तपासून पाहतं, कालपर्यंत चालत होतं ते आज का चालत नाही. चार दिवस तग धरला तर उतरतो. आणि नेमकं याच चार दिवसांत घरातला कोणीतरी मोठा माणूस 'द्या हो त्याला मोबाईल, डोकं उठलं' म्हणतो आणि आईची सगळी मेहनत पाण्यात!

म्हणून पालकसभा. ती बुधवारी सकाळी अकराला असायची. येणाऱ्या अठराही बायका. त्यांतल्या सात जणी अर्ध्या दिवसाचा पगार किंवा धुण्याभांड्याचं एखादं काम बुडवून येत. या वर्षी आम्ही सभा रविवारी संध्याकाळी ठेवली आणि चिठ्ठीत लिहिलं, 'मुलाच्या वडिलांनी येणे आवश्यक.' पहिल्या रविवारी पाच वडील आले, शेवटच्याला अकरा. एक रिक्षावाले गृहस्थ म्हणाले, 'आम्हाला कधी कोणी बोलावलंच नाही.' ते खरं आहे. पण स्वतःहून विचारलंही नव्हतं, हेही खरं आहे, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. त्यांनी तीन रकान्यांची वही घरी नेली आणि रोज रात्री स्वतः भरली. अक्षर वाईट, नोंदी चोख.

मुलींबद्दल एक सांगायचं राहतंय. अठरात मुली तीनच. मुलींना हे त्रास होत नाहीत असं नाही. मुलगी वर्गाबाहेर पळत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. पाटी कोरी राहते, पण कोणाला त्रास नाही, म्हणून तक्रार नाही. 'गरीब आहे बिचारी' म्हणून पुढे ढकलली जाते, आणि मोठी झाली की 'वेंधळी' ठरते. आमच्याकडची एक मुलगी तर भावाला सोडायला आलेली होती. भावाला सांभाळायचं काम सहा वर्षांच्या तिच्याकडे. तिलाच बरणी दिली, तेव्हा कळलं की तिला दोन सूचना एकापाठोपाठ लक्षात राहत नाहीत.

त्या चावणाऱ्या मुलाची गोष्ट अजून संपलेली नाही. जूनमध्ये त्याच्या शाळेने आईला सांगितलं, दाखला घेऊन जा. ती आमच्याकडे आली, रडत नव्हती, संतापली होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. कलम 16. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळालाही बंदी आहे, ते कलम 17. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार दिले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, शिकण्यातली अक्षमता आहे, अतिचंचलता मात्र त्या नावाने नाही. त्यामुळे या मुलांचे आईबाप कागदांच्या फटीत अडकतात. पण कलम 16 ला प्रमाणपत्र लागत नाही. तिने अर्ज दिला: मुलाला का काढत आहात ते लेखी द्यावे. सोबत आमच्या वहीच्या सहा आठवड्यांच्या नोंदी जोडल्या. शाळेने लेखी काही दिलं नाही. मुलगा आज तिसरीत, त्याच शाळेत आहे. डायरीत लाल शाई अजून येते, पण आता डायरी वडीलही वाचतात.

सरकारच्या 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक शरीराबरोबर वाढीतले, वागण्यातले असे दोषही बघतं, आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं. तुमच्या वस्तीत पथक आलं तर फक्त वजन-उंची घेऊन जाऊ देऊ नका. विचारा.

आमच्या दोन मावश्यांबद्दल बोलले नाही तर त्या मला घरी जाऊ देणार नाहीत. संकटाच्या वेळी मुलं ताईकडे नाही, मावशीकडे धावतात. त्यांना मानधन ताईच्या निम्मं मिळत होतं. या वर्षी आम्ही चौघींनी लेखी मागणी केली आणि ते पाऊणपट झालं. उरलेला पाव पुढच्या वर्षी मागणार आहोत.

पुढचं शिबिर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होईल. आम्हाला झाकणाच्या बरण्या हव्यात, प्लास्टिकच्या. काचेच्या नकोत, कारण उघड आहे. चिंच फोडाल तेव्हा चिंचोके टाकू नका. आणि रविवारी संध्याकाळी वडिलांच्या गटात बसायला दोन-तीन पुरुष हवे आहेत. तुमच्या घरात असतील तर त्यांचं नाव त्यांना विचारून जाताना दाराजवळच्या वहीत लिहा.