हाक आणि ओ

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



मराठीत ‘हाक मारणे’ आणि ‘ओ देणे’ हे दोन वाक्प्रचार जोडीने नांदतात. हाकेला ओ मिळाली की पलीकडे माणूस आहे, जागा आहे, एवढे तरी कळते. घरात कोणी बेशुद्ध पडले, तर नातलग सर्वप्रथम त्याला नावाने हाक मारतात, आणि रुग्णालयातील डॉक्टरही तेच करतात. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली बेशुद्धीची खोली मोजण्याची जी श्रेणी सिद्ध केली, तिच्यात डोळे, वाचा आणि हालचाल या तिहींना गुण दिले जातात. कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. आपण होऊन डोळे उघडणाऱ्यास त्यांपैकी ४ गुण, हाकेसरशी उघडणाऱ्यास ३. जगभर रूढ झालेल्या या श्रेणीच्या पोटात एक गृहीत मात्र दडलेले आहे. ज्याला ऐकू आले तो पापणी, ओठ किंवा बोट हलवून ते दाखवील, हे ते गृहीत. ज्याचे शरीर त्याची आज्ञाच पाळीत नाही, त्याने हाक ऐकली की नाही, हे कळावे कसे?

याचे उत्तर कानाकडे किंवा डोळ्यांकडे न पाहता थेट मेंदूकडे मागावे, अशी ही विद्या आहे. मेंदूतून अखंड उठणारी सूक्ष्म विद्युत्स्पंदने डोक्याच्या त्वचेवरून टिपता येतात, हे जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली अनुभवले आणि १९२९ साली प्रसिद्ध केले. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत पॉलीन डेव्हिस यांनी जाग्या माणसाच्या मेंदूलेखावर ध्वनीचा पडसाद दाखवून दिला. पडसाद होता खरा, पण जत्रेच्या गलबल्यात कोणी कानाशी कुजबुजावे, तसा. मेंदूची एरवीची स्पंदने काही दशक मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या काही दशक दशलक्षांशांची. आणि एका ‘टक्’ अशा आवाजाला मिळणारे उत्तर पुष्कळदा एका मायक्रोव्होल्टहूनही लहान.

ही कुजबुज निवडून काढण्याची युक्ती लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५१ साली मांडली. ती इतकी साधी आहे की आधी कोणाला सुचली कशी नाही, असे वाटावे. तोच आवाज पुन:पुन्हा ऐकवायचा, प्रत्येक आवाजानंतरचा मेंदूलेखाचा तुकडा कापून घ्यायचा आणि सारे तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढायची. गलबला दर वेळी निराळा, म्हणून तो आपसांत कटतो; उत्तर मात्र ठरल्या क्षणी येते, म्हणून ते टिकून राहते. आवाज १६०० वेळा ऐकवला, तर गलबला चाळिसाव्या हिश्श्यावर येतो, कारण तो आवृत्त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. एकदा मारलेल्या हाकेला न मिळालेली ओ अशी हजार-दीड हजार हाकांतून गोळा करावी लागते. आपल्याकडे तान्ह्या मुलांच्या श्रवणशक्तीसाठी ‘बेरा’ नावाची जी तपासणी करतात, ती याच तत्त्वावर चालते.

१९७०-७१ च्या सुमारास डॉन जेवेट व जॉन विलिस्टन यांनी ध्वनीनंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांतील इवल्याशा लाटा ओळखून काढल्या. पहिली लाट श्रवणनाडीची, आणि पाचवी मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातली. कानापासून निघालेला निरोप कोणत्या चौकीपर्यंत पोचला, हे त्यांवरून समजते. झोपेच्या औषधांचा या लाटांवर फारसा परिणाम होत नाही, ही बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत मोठीच सोय. तरीही येथे घाईने आनंदून जाता येत नाही. हृदयक्रिया थांबून मेंदूच्या वरच्या आवरणाची मोठी हानी झालेली असली, तरी या खालच्या चौक्या शाबूत राहू शकतात. उलट अपघातात कानाजवळचे हाड मोडले असेल, तर मेंदू जागा असूनही कागदावर रेघ सपाट उमटते. निरोप चौकीवर पोचणे वेगळे आणि घरधन्याला मिळणे वेगळे.

घरधन्याच्या जवळ जाणारी वाट फिनलंडच्या रिस्तो नातानेन यांनी १९७८ साली दाखवली. एकच सूर ठरावीक अंतराने पुन:पुन्हा वाजत राहतो. मधूनच एखादा किंचित वेगळा येतो, थोडा उंच किंवा थोडा आखूड. त्या वेगळ्या सुरानंतर साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत मेंदूलेखावर एक विशिष्ट लाट उमटते. तिला ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ म्हणतात. आपण तिला ‘विसंगतीची लाट’ म्हणू. ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या गावात हे फोड करून सांगण्याची गरज नाही. ठेका चालू असताना तबलजीची एक मात्रा हुकली, तर शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या श्रोत्याचीही मान वळते. गंमत अशी की ही लाट उमटण्यासाठी लक्ष देण्याची आवश्यकता नसते. प्रयोगशाळेत माणसाला वाचायला पुस्तक देतात आणि सूर कानांशी वाजवत ठेवतात. वाचक पुस्तकात रमतो, मेंदू सुरांचा हिशेब ठेवतो. ज्याच्याकडून लक्ष देण्याची अपेक्षाच करता येत नाही, अशा रुग्णासाठी ही कसोटी म्हणूनच उपयोगी पडली.

फ्रान्समधील ल्यों येथील कॅथरीन फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १२८ बेशुद्ध रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ३३ रुग्णांत विसंगतीची लाट सापडली आणि त्यांपैकी ३० शुद्धीवर आले. दहांत नऊ! पण याच निबंधातली दुसरी संख्या तितक्याच काळजीने वाचली पाहिजे. एकंदर ९५ रुग्ण शुद्धीवर आले होते. म्हणजे त्यांतल्या ६५ जणांत ती लाट सापडलेलीच नव्हती. लाट दिसली तर आशेला भक्कम आधार आहे. ती दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. रुग्णशय्येजवळ उभ्या असलेल्या नातलगांना यांतले पहिले वाक्य सांगणे सोपे आहे. दुसरे समजावून सांगण्यास वेळ द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

कारण या मापनावर केवळ ज्ञान अवलंबून नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत खाटेवर असलेल्या अरुणा शानभाग यांचे प्रकरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, त्या आपल्या परीने प्रतिसाद देतात, असे ठामपणे सांगत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पोषण थांबवण्याची विनंती फेटाळली. मात्र कडक अटींवर जीवनाधार काढून घेण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली, आणि २०१८ साली ती घटनापीठाने अधिक स्पष्ट केली. रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घ्यावयाचा आहे, तेथे सपाट रेघेचा चुकीचा अर्थ लावणे परवडणारे नाही.

सुरांऐवजी शब्द ऐकवले तर? बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. तेव्हापासून तो ध्वनी माणसाला इतर सर्व ध्वनींहून निराळा होतो. बेल्जियममधील लिएज व फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना अनेक नावांत मिसळून त्यांचे स्वत:चे नाव ऐकवले. जागृतीचा कोणताही पुरावा नसलेल्या ५ रुग्णांपैकी ३ जणांच्या मेंदूने ते वेगळे ओळखले. पण झोपलेला निरोगी माणूसही आपले नाव असेच ओळखतो. तेव्हा ही ओ आहे की झोपेतला हुंकार, हा प्रश्न उरतोच.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २०१३ साली याहून चमत्कारिक गोष्ट आढळली. हृदयक्रिया बंद पडून बेशुद्ध झालेल्यांपैकी पुढे दगावलेल्या काहींचा मेंदूही पहिल्या दिवशी सुरांतला भेद ओळखत होता. मात्र दुसऱ्या दिवशी ज्यांची ओळख सुधारली होती, ते सारे वाचले. एका दिवसाचे माप अपुरे. चढ की उतार, ते पाहावे लागते. पुढे अधिक रुग्णांवर पडताळणी झाली, तेव्हा याही नियमाला अपवाद निघाले.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील यान क्लासेन व सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील १०४ रुग्णांना ध्वनिमुद्रित आज्ञा ऐकवल्या: उजवा हात उघडा, मिटा, आता थांबा. हात कोणाचाच हलला नाही. परंतु १६ जणांच्या मेंदूलेखात ‘हलवा’ आणि ‘थांबा’ यांतला फरक संगणकाला स्पष्ट दिसला. वर्षभराने त्या गटातील शेकडा ४४ रुग्ण दिवसाचे निदान आठ तास स्वत:चे स्वत: सांभाळू शकत होते. ज्यांच्या मेंदूलेखाने काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यातही ते प्रमाण शून्य नव्हते. ते शेकडा १४ होते.