परक्या भूमीवरील भाडेपट्टा

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आसपास सुशिक्षित मध्यमवर्गाच्या ज्या वस्त्या वाढल्या, त्यांत विद्यानगरची गणना होते. येथील कुटुंबांना परदेशाचे नवल उरलेले नाही. मुलगा शिकण्यास किंवा नोकरीस बाहेर जातो आणि घरी पैसे पाठवितो, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. कधी कधी मात्र पैशाचा प्रवाह उलट वाहू लागतो. परक्याची चाकरी पुरे झाली, आता येथेच एखादी मसाल्याची गिरणी, बेकरी किंवा खानावळ काढावी, असे मुलाच्या मनात येते. आणि मग वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, आईचे दागिने, प्रसंगी राहत्या घरावर काढलेले कर्ज, हे सारे समुद्रापलीकडे जाण्यास सिद्ध होते.

अशा वेळी घरात जो हिशेब मांडला जातो तो मोठा बारकाईचा असतो. यंत्र केवढ्याला पडेल, वीज किती लागेल, मिरची कोठून आणावयाची, या सर्वांचा विचार होतो. जागेविषयी मात्र पत्रात एकच ओळ असते : 'जमीन भाडेपट्ट्याने मिळत आहे.' साऱ्या बेतात अधिकांत अधिक धोका याच ओळीत दडलेला असतो, आणि तीच कोणी दुसऱ्यांदा वाचीत नाही.

याचे एक कारण असे की, भाडेपट्टा ही वस्तू आपल्याला ठाऊक आहे असा आपला समज असतो. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची चाल पडली. करार दरवर्षी नवा होतो आणि वर्षानुवर्षे बिऱ्हाड तेथेच राहते. या सवयीने मनाला एक सैलपणा येतो. कागद कसाही असला तरी माणूस चांगला असला म्हणजे झाले, असे वाटू लागते. थायलंडमध्ये हाच सैलपणा फार महाग पडतो. तेथे तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा जमीन कचेरीत नोंदविला नाही, तर कागदावर वीस वर्षे लिहिलेली असली तरी न्यायालय तीनच वर्षे मानते. नोंदविला तरी तीस वर्षांची मर्यादा आहेच. पुढे आणखी तीस वर्षे वाढवून देण्याचे जे वचन मालक आरंभी देतो, ते त्याचे व्यक्तिगत वचन ठरते. जमीन दुसऱ्याच्या हाती गेली की नव्या मालकावर ते लादता येत नाही.

परंतु एका देशाचे नीट पाहिले तर विषय अधिक स्पष्ट होईल. त्यासाठी युगांडा घेऊ. हिंदी व्यापाऱ्यांच्या पिढ्या तेथे नांदल्या, उखडल्या गेल्या आणि पुन्हा काही प्रमाणात रुजल्या. शिवाय तेथील जमिनीचे प्रकार आपल्या हैदराबादी माणसास वाटतात तितके अपरिचित नाहीत. समजा, विद्यानगरचा एक तरुण कंपाला शहराच्या बाहेर अर्धा एकर जागा घेऊन गिरणी घालू पाहतो. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेप्रमाणे परकीयास जमिनीची मालकी मिळत नाही; पट्टाच मिळतो, आणि तोही फार तर ९९ वर्षांचा. पाच वर्षे किंवा अधिक मुदतीचा पट्टा परकीयाने घेतला तर तो नोंदवावा लागतो. स्थानिक कंपनी काढून तिच्या नावे जमीन घेतली म्हणजे ही अट चुकविता येईल, हा तर्क तेथे टिकत नाही. कंपनीची सूत्रे परकीयांच्या हाती असतील तर कायद्याच्या दृष्टीने ती कंपनीही परकीयच. येथवर सारे सरळ आहे.

अडचण पुढे आहे. कंपाला ज्या बुगांडा प्रदेशात वसले आहे, तेथे 'मैलो' नावाची जमीनपद्धती आहे. १९०० साली इंग्रजांनी बुगांडाच्या राजघराण्याशी व सरदारांशी केलेल्या करारातून ती जन्मास आली. चौरस मैलांच्या हिशेबाने जमिनी वाटल्या गेल्या, म्हणून तिला हे नाव. सरदार मालक झाले. पण त्या जमिनी काही ओस नव्हत्या. तेथे कष्टकरी शेतकरी राहत होते, केळी लावीत होते, आपले मृत तेथेच पुरीत होते. त्यांच्या ताब्यातील तुकड्यास 'किबांजा' म्हणतात. १९९५ ची घटना आणि १९९८ चा जमीन कायदा यांनी या वहिवाटदारांना संरक्षण दिले. घटना अमलात येण्यापूर्वी बारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मालकाच्या हरकतीवाचून जो त्या भूमीवर राहिला, त्याला मालक मनास येईल तसा उठवू शकत नाही.

हे ऐकताना तेलंगण-मराठवाड्यातील जुन्या माणसाला आपल्याकडील संरक्षित कूळ आठवल्यावाचून राहणार नाही. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने ज्याला संरक्षण दिले, त्या कुळाला डावलून केलेले खरेदीखत पुढे किती पिढ्या न्यायालयात हिंडले, हे या भागात सांगावयास नको. मैलो जमिनीवरही तोच प्रकार. मालकीचे पत्र अस्सल असते, कचेरीतील नोंद बरोबर असते, सही करणारा खरा मालक असतो. आणि तरीही गिरणीच्या जागी एक म्हातारी चाळीस वर्षांपासून केळीची बाग राखून असते. पट्टेदाराने मालकाला पैसे दिले, म्हातारीला कोणीच काही विचारले नाही. ती आपल्या हक्काने तेथे बसलेली आहे, आणि न्याय तिच्या बाजूचा आहे. येथे मनापासून म्हणावेसे वाटते की, तिला हुसकावून गिरणी उभी करण्यापेक्षा गिरणी न झालेली बरी. तथापि धर्मबुद्धी बाजूस ठेवून केवळ व्यवहार पाहिला तरी निष्कर्ष तोच निघतो.

म्हणून कंपालाच्या नोंदणी कचेरीतील शोध हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे पायी करावयाचे असते. जागेवर जावे, शेजाऱ्यांना विचारावे, गावच्या स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाची भेट घ्यावी आणि कोणाची झोपडी, कोणाचे पीक, कोणाची कबर त्या तुकड्यात आहे ते डोळ्यांनी पाहावे. आणखी एक गोष्ट विचारावी : मालकाची पत्नी कोठे आहे? कुटुंबाच्या राहण्याची व उपजीविकेची जी जमीन असते, ती पत्नीच्या किंवा पतीच्या संमतीवाचून विकता येत नाही आणि पट्ट्यानेही देता येत नाही, असे तेथील कायदा सांगतो. एका सहीअभावी सारा पट्टा निरर्थक ठरावा, ही परकीयाला क्रूर थट्टा वाटते. पण ज्या स्त्रीच्या पायाखालची जमीन तिच्या नकळत दिली गेली असती, तिला ती तशी वाटणार नाही.

खाजगी मालकाऐवजी जिल्हा भूमी मंडळाकडून सरकारी जागा घेतली तर ही गुंतागुंत काही अंशी कमी होते, पण दुसरी उभी राहते. अशा पट्ट्याची पहिली मुदत बहुधा पाच वर्षांची असते. त्या अवधीत ठरल्याप्रमाणे बांधकाम झाले, तरच ती ४९ किंवा ९९ वर्षांपर्यंत वाढते. लहान धंद्याचे स्वरूप पाहता ही अट चांगलीच जाचक आहे. मोठा भांडवलदार पहिल्या वर्षीच इमारत उभी करतो. आपला तरुण मात्र प्रथम पत्र्याच्या शेडमध्ये एक चक्की लावतो आणि नफ्यातून पुढे भिंती बांधू म्हणतो. दोन हंगाम वाईट गेले की पाच वर्षे सरतात, भिंती जोत्यावरच राहतात आणि मुदतवाढीचा अर्ज रिकाम्या हाताने करावा लागतो.

मुदत संपल्यावर काय? आपल्याकडील कायद्याने पट्टेदारास, त्याने जमिनीशी जोडलेली वस्तू ताबा असेतोवर काढून नेता येते. जमीन मात्र होती त्या स्थितीत परत द्यावी लागते. ज्या देशांनी इंग्रजी कायद्याची परंपरा घेतली, तेथे सामान्य तत्त्व असे की, जे जमिनीला जोडले गेले ते जमिनीचेच झाले. धंद्यासाठी बसविलेली यंत्रे वेळेत काढून नेण्याची सवलत पट्टेदाराला असते. पण भिंती, छप्पर आणि कूपनलिका मालकाकडे राहतात. पट्ट्यात याविषयी वेगळे काही लिहून घेतले नसेल, तर वडिलांच्या निधीतील निम्मी रक्कम दुसऱ्याच्या जमिनीची किंमत वाढविण्यात खर्ची पडली असाच त्याचा अर्थ होतो.

हे सर्व शांततेच्या काळातले झाले. पूर्व आफ्रिकेने याहून कठोर दिवस पाहिले आहेत. टांगानिकाने १९६३ साली पूर्ण मालकीच्या जमिनी ९९ वर्षांच्या सरकारी पट्ट्यांत बदलल्या आणि १९७१ साली टांझानियाने मोठ्या किमतीच्या भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यांत आशियाई मालकांच्या पुष्कळ होत्या. युगांडात ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. त्यांची दुकाने आणि घरे एका अभिरक्षक मंडळाकडे गेली. मालमत्ता परत करण्याचा कायदा १९८२ साली झाला, आणि प्रत्यक्ष ताबा मिळण्यास अनेकांना १९९० नंतरची वाट पाहावी लागली. केनियात इंग्रजांनी ९९९ वर्षांचे पट्टे दिले होते. २०१० च्या राज्यघटनेने परकीयांसाठी ते सारे ९९ वर्षांवर आणले. नऊशे नव्याण्णव वर्षांचा आकडा लिहिणाऱ्याच्या मनात अमरत्वाची कल्पना असावी. ज्यांनी तो लिहिला त्यांचे राज्य शंभर वर्षेही टिकले नाही.

खरे पाहता हैदराबादच्या माणसाने हा धडा शिकण्यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. १९०२ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. भाडे ठरले वर्षाला २५ लाख रुपये. पुढे मीर उस्मान अली खान यांनी तो परत मागितला तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी स्पष्ट नकार कळविला. कागदावर मालक निजाम होता आणि पट्टेदार इंग्रज. परंतु त्या कागदाचा अर्थ लावण्याचा अधिकार पट्टेदाराने स्वतःकडे ठेवला होता. परदेशात जागा घेणाऱ्या लहान धंदेवाल्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तेथे अर्थ लावणारे न्यायालय मालकाच्या देशाचे, भाषा त्याची आणि वकीलही बहुधा त्यानेच सुचविलेला. निदान वकील तरी स्वतःचा असावा, आणि त्याची फी वाचविण्याचा मोह टाळावा. इंग्लंडात तर १९५४ च्या कायद्याने धंद्याच्या भाडेकरूस मुदतीनंतर नवा पट्टा मागण्याचा हक्क दिला आहे. तरी सूचना व प्रतिज्ञापत्र देऊन तो हक्क आधीच सोडून देण्याची सोयही तेथेच आहे. पुष्कळ घरमालक तशी मागणी करतात, आणि घाईत असलेला खानावळवाला सही करून मोकळा होतो.

शेवटी विद्यानगरात राहिलेल्या वडिलांचा प्रश्न. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेखाली बाहेर पाठविता येते. पैसा मुलाला देणगी म्हणून जातो, कर्ज म्हणून जातो की वडिलांच्याच नावे गुंतवणूक म्हणून, हे बँकेच्या अर्जात लिहावे लागते, आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. पट्टा वडिलांच्या नावे घ्यावयाचा असेल तर मुदतीकडे विशेष पाहावे. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनी पाच वर्षांपर्यंतचा पट्टा स्थावर मालमत्तेविषयीच्या निर्बंधांतून वगळला आहे. मुदत पाच वर्षांपुढे गेली की ते निर्बंध लागू होतात. तेव्हा कंपालातील वकिलाने दहा वर्षांचा मसुदा पाठविला, तर त्यावर सही करण्यापूर्वी तो विद्यानगरातील आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात नेऊन दाखवावा, आणि तेथील उत्तर लेखी घ्यावे.