कायदा वाचा, नियमही वाचा



आम्ही बँकेतील माणसे. परिपत्रकाच्या एका ओळीने काम अडते, हे जाणतो. कायद्याचेही तसेच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. पण पीडिताला किती मदत द्यावी, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, हे सांगणारे नियम १९९५ साली आले. कायदा संसद करते, नियम सरकार करते. मग त्यांवर नजर कोणाची?

यासाठी संसदीय समिती असावी, ही सूचना कायदामंत्री बाबासाहेबांनी १९५० मध्ये संसदेत केली. १९५३ मध्ये सभापती दादासाहेब मावळंकरांनी लोकसभेची समिती नेमली. तिच्या पंधरा सदस्यांत मंत्री नसतो. नियम कायद्याबाहेर गेला काय, विलंब का झाला, हे ती तपासते.

विद्यार्थ्यांनो, कायद्यासोबत नियमही वाचा. हक्क तिथेच अडतो. जयभीम!